देह वाचायला गेलेली आनंदी

मैत्रिणींनो, डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? शाळेत त्यांच्याबद्दल ऐकलेलं असतं. भाषणस्पर्धेत एखादी तरी मुलगी त्यांच्यावर बोलते. २०१९ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही येऊन गेला. साडी नेसून सातासमुद्रापार गेलेली धीट मुलगी, हट्टी नवरा आणि अकाली मृत्यू, एवढी गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. पण तिथे जाऊन त्या नेमकं शिकल्या काय, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

मी महाडला अकरावी-बारावीच्या मुलींना जीवशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रश्न मला जास्त छळतो. पोलादपूरकडच्या, पार डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली एस.टी.ने येतात. हुशार असतात. हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंड, मेंदू सगळं धडाधड सांगतात. पण प्रजननसंस्थेचा धडा आला की सगळ्यांच्या माना खाली! स्वतःच्याच शरीराबद्दल बोलायचं म्हणजे जणू काही चोरी. हे आज, तर मग दीडशे वर्षांपूर्वी काय असेल?

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोशींशी. गोपाळराव बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. पण माणूस वेगळाच. बायकोने चूल सांभाळण्यापेक्षा पुस्तक वाचावं असं त्यांना वाटायचं. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. पुढे गोपाळरावांची बदली अलिबागला झाली. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात बरं का, तेव्हाचा तो कुलाबा! ज्या जिल्ह्यात तुम्ही-आम्ही राहतो, तिथेही आनंदीच्या शिक्षणाचे काही दिवस गेलेत, हे आपल्याकडे किती जणींना ठाऊक असेल?

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. दहा दिवसांत तो गेला.

हे एक वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो. पण जरा थांबूया. चौदा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्याकडची आठवी-नववीतली पोर. तिचं स्वतःचं अंग अजून वाढीला लागलेलं, कंबरेची हाडं पुरती भरलेली नाहीत. त्या काळी बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी खोली. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. नाळ कापायला हाताशी असेल ते हत्यार. अडलीच बाई, तर सुईणीच्या अनुभवापुढे काही नाही. गावात डॉक्टर असला तरी तो पुरुष. त्याला आत येऊ द्यायचं नाही आणि बाईनेही त्याला काही सांगायचं नाही. बाई मेली तरी चालेल, पण परपुरुषाने नाडी धरता कामा नये, अशी सगळी रीत.

वेळेवर उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, हे त्या पोरवयातल्या आईच्या मनात पक्कं बसलं. दुसरी एखादी देवाची मर्जी म्हणून गप्प बसली असती. आनंदीबाईंनी मात्र ठरवलं की बायकांना तपासायला बाईच डॉक्टर हवी, आणि ती आपणच व्हायचं.

गोपाळरावांनी कोल्हापूरला काम केलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्याने धर्म बदलण्याचा सल्ला दिला. तो या दोघांनाही मान्य नव्हता. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेत एका मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्या असताना तो वाचला. बघा, कुठली बाई कुठे बसलेली, आणि कुणाचं नशीब उघडलं! त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढे त्या दोघींचं नातं मावशी-भाचीचंच झालं.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केलं. मी परदेशी का जाते आहे, ते समजावून सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही स्पष्ट केलं. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. नवरा बरोबर नव्हता. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये त्यांचं शिक्षण सुरू झालं.

हे कॉलेज १८५० मध्ये खास बायकांसाठी निघालेलं. कारण पुरुषांच्या कॉलेजात बायकांना कोणी उभं करत नव्हतं. तुम्हाला वाटेल, अमेरिका म्हणजे पुढारलेला देश. पण तिथेसुद्धा १८६९ मध्ये या कॉलेजच्या मुली एका मोठ्या इस्पितळात शिकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. बाईने माणसाचा देह उघडून बघायचा, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. म्हणजे लाज काही एकट्या आपल्या कोकणाची नाही हो, ती जगभर सारखीच!

डॉक्टरकीच्या अभ्यासाचा पाया दोन विषयांचा. एक शरीररचना, म्हणजे ॲनाटॉमी. कुठलं हाड कुठे, कुठली शीर कुठून जाते, गर्भाशय कुठे असतं आणि त्याच्या शेजारी काय काय असतं. दुसरा शरीरक्रिया, म्हणजे फिजिऑलॉजी. हे सगळं चालतं कसं, हृदय का धडधडतं, श्वास घेतल्यावर रक्ताचं काय होतं. पहिला विषय घर कसं बांधलंय ते सांगतो आणि दुसरा त्या घरातला संसार कसा चालतो ते.

आणि हे नुसतं पुस्तक वाचून येत नाही. त्यासाठी मेलेल्या माणसाचं शरीर कापून बघावं लागतं. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या मुलीला हे काय वाटलं असेल! प्रेताला हात लागला तर आंघोळ, घरात कोणी गेलं तर दहा दिवस सुतक, अशा वातावरणात ती वाढलेली. पण गंमत अशी की, ही विद्या आपल्याला परकी नव्हतीच. सुश्रुताने फार पूर्वी लिहून ठेवलंय की ज्याला शस्त्र चालवायचंय त्याने आधी देह आतून बघावा. प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवायचं आणि मग हळूहळू एकेक थर खरवडून पाहायचा, अशी रीतही त्याने दिली आहे. मधल्या काळात विटाळाच्या कल्पनेने ते सगळं मागे पडलं. पुढे १८३६ मध्ये कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा केवढी खळबळ झाली होती.

प्राण्यांवरूनही माणूस खूप शिकलाय. रक्त शरीरात गोल गोल फिरतं, हे विल्यम हार्वेने १६२८ मध्ये सिद्ध केलं, ते बरंचसं प्राण्यांची हृदयं चालू असताना बघून. आमच्या पिढीने बारावीला बेडूक कापला होता, आठवतंय? आता मुली तो चित्रात आणि संगणकावर बघतात. चांगलंच झालं, बेडकांचे जीव वाचले. पण शिकायचं ते शिकायलाच हवं.

आनंदीबाई शिकल्या. थंडी हाडं गोठवणारी. खाणं शाकाहारी, तेही धड मिळायचं नाही. तब्येत पहिल्यापासून नाजूक. शिवाय गोपाळरावांची पत्रं यायची, त्यात कौतुक कमी आणि संशय, टोमणे जास्त. लहानपणी अभ्यासासाठी त्यांनी मारलेलं आनंदीबाई विसरल्या नव्हत्या, आणि एका पत्रात त्यांनी ते नवऱ्याला शांतपणे लिहूनही कळवलं. ज्या माणसामुळे आपण इथवर आलो, त्यानेच आपल्याला किती दुखावलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बायकांना हे वेगळं सांगायला नको.

त्यांचा १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या वेशात. तीन देश, तीन धर्म, आणि शिकायचं एकच. प्रबंधासाठी आनंदीबाईंनी विषय निवडला तो आपल्या हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. कुठे चौदाव्या वर्षीची ती अंधारी खोली आणि कुठे हा प्रबंध! मला तर वाटतं, त्या दहा दिवसांच्या बाळाचं ऋणच त्यांनी असं फेडलं.

११ मार्च १८८६ ला त्यांना एम.डी. पदवी मिळाली. तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्याच वर्षी कलकत्त्याला कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली गेली. पण तोवर क्षयाने त्यांना गाठलं होतं. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि आज न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावात त्यांच्या नावाचा दगड आहे.

कोल्हापूरची ती जागा रिकामीच राहिली, त्यांच्या हातून तिथे एकही बाई तपासली गेली नाही. मग एवढ्या कष्टांचं फळ काय, असं माझ्या विद्यार्थिनी मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी त्यांना रखमाबाईंचं नाव सांगते. रखमाबाई आनंदीबाईंपेक्षा चारच महिन्यांनी मोठ्या. लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिल्या, मग लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांची सेवा केली आणि १९५५ मध्ये, नव्वदी ओलांडून गेल्या. आनंदीबाईंना जे आयुष्य मिळालं नाही, ते रखमाबाईंनी जगून दाखवलं. बाईलाही हा अभ्यास झेपतो, हे आधी कोणीतरी दाखवून द्यावं लागतं ना!

आणि शरीर समजून घेतल्याने काय होतं, हे बघायला लांब कशाला जायचं? आपल्या महाडचंच उदाहरण घ्या. पूर्वी लाल विंचू चावला की माणूस हातचा गेलाच समजायचा. मांत्रिकाकडे नेऊन विंचू उतरवत बसायचे. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र रुग्णांजवळ बसून बारकाईने पाहिलं. माणूस वेदनेने जात नाही. विषामुळे नसांवर मारा होतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. मग रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन नावाचं औषध त्यांनी वापरलं आणि माणसं वाचू लागली. त्यांचं काम ‘लॅन्सेट’सारख्या मोठ्या नियतकालिकात आलं. औषध जुनंच होतं, रक्तदाबाचं. नवीन होतं ते शरीरात काय चाललंय हे ओळखणं. यालाच फिजिऑलॉजी म्हणतात!

विंचवाचं कळलं, तसं आपलंही कळायला हवं. अंगावरून पांढरं जातं, पाळीला महिनामहिना खाडा पडतो, जिना चढताना धाप लागते, छातीत गाठ लागते, आणि आपण काय म्हणतो? होईल बरं, भातलावणी उरकू दे, गणपती होऊन जाऊ देत. सांगायची लाज वाटते, आणि सांगायचं म्हटलं तरी शब्द सापडत नाहीत. गर्भाशय, अंडाशय, योनी हे शब्द शिव्या नाहीत हो, आपल्याच अवयवांची नावं आहेत. ती नावं आली, तर डॉक्टरपुढे नीट सांगता तरी येईल.

बारावी झाली की पोलादपूरच्या मुलीला नर्सिंगला, फार्मसीला, डॉक्टरकीला बाहेर पाठवायचं की नाही, यावर घरोघरी खल होतो. एकटी कशी राहील, जेवणाचं काय, लोक काय म्हणतील. आईची काळजी खोटी नसते. पण सांगावंसं वाटतं, मुलीला पाठवा, आणि तिच्या तब्येतीची, खाण्यापिण्याची नीट तजवीज करून पाठवा. आनंदीबाईंच्या जिद्दीला कुणीच कमी पडलं नाही, त्यांच्या देहाची काळजी घ्यायला मात्र सगळेच कमी पडले. आपल्या लेकींच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका.