तारखांची वजाबाकी सोपी करणारा माणूस : जोसेफ स्कॅलिजर

१५८२ साली रोममधले लोक ४ ऑक्टोबरला झोपले आणि उठले ते थेट १५ ऑक्टोबरला! पोपनं कॅलेंडर दुरुस्त करताना मधल्या दहा तारखा गाळल्या होत्या. या दोन तारखांची वजाबाकी केली तर उत्तर येतं ११. प्रत्यक्षात गेला होता एकच दिवस.

असे घोळ सोडवण्यात जोसेफ स्कॅलिजर या फ्रेंच विद्वानाचं आयुष्य गेलं. जन्म १५४० चा. लॅटिन वडिलांकडून शिकला, पुढे ग्रीक, हिब्रू, अरबी. तरुणपणी प्रोटेस्टंट झाला, त्यामुळे १५७२ च्या हत्याकांडानंतर त्याला जिनिव्हा गाठावं लागलं.

ग्रीक, रोमन, ज्यू, इजिप्शियन, प्रत्येकाची कालगणना वेगळी. मग कोणती घटना आधीची, हे ठरवायचं कसं? १५८३ च्या ग्रंथात त्यानं उपाय दिला. सूर्याचं २८, चंद्राचं १९ आणि रोमन करवसुलीचं १५ वर्षांचं चक्र. गुणाकार ७९८०. ही तिन्ही चक्रं एकत्र सुरू होतात ते साल इ.स.पू. ४७१३. तिथून मोजलं की तेव्हा ठाऊक असलेला इतिहास शून्याच्या पुढेच येतो, उण्यात जावंच लागत नाही. याला ‘ज्युलियन’ नाव वडिलांवरून दिलं असं सांगतात, पण ते ज्युलियन वर्षावरून आहे.

१५९३ मध्ये तो हॉलंडमधल्या लायडनला गेला. तिथे खरी पंचाईत झाली. इजिप्तच्या राजांच्या जुन्या याद्या जुळवल्या तर त्या ४७१३ च्याही मागे जात होत्या, म्हणजे बायबलनुसार जग निर्माण होण्याच्या आधी! माणूस श्रद्धाळू. याद्या दडपणं सोपं होतं. तरीही १६०६ मध्ये त्यानं त्या छापल्या. १६०९ मध्ये तो वारला.

त्यानं वर्षं मोजली. १८४९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं त्याच आरंभापासून दिवस मोजायचं सुचवलं. या मोजणीत ४ ऑक्टोबर १५८२ म्हणजे २२,९९,१६० आणि १५ ऑक्टोबर म्हणजे २२,९९,१६१. फरक एक.

१९५७ मध्ये स्पुटनिकचा माग काढताना हा आकडा संगणकासाठी फार मोठा वाटला, म्हणून त्यातून २४,००,०००.५ वजा केले गेले. युनिक्सनं तर १९७० पासून सेकंद मोजले. ३२ बिटांत मावणारा सर्वात मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. तो १९ जानेवारी २०३८ ला भरतो. पुढच्या सेकंदाला ३२ बिटांवरच राहिलेल्या यंत्रांत आकडा उणे होतो आणि तारीख दिसते १३ डिसेंबर १९०१.