विश्लेषण : फ्लाइट सिम्युलेटरमधल्या ढगांमागे कुणाचे गणित?

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये लाइव्ह वेदर सुरू केले की ज्या शहरावरून उडाल, तिथले त्या वेळचे हवामान समोर येते. हे ढग कुणी बसून रंगवलेले नसतात, ते मेटिओब्लू या स्विस कंपनीच्या हवामान अंदाजातून येतात. अशा अंदाजांचे गणित शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने कागदावर, हाताने करून पाहिले होते. लुईस फ्राय रिचर्डसन. गंमत म्हणजे, हवाई खात्याची चाकरी नको म्हणून याच माणसाने हवामान खाते सोडले.

कल्पना काय होती?

रिचर्डसन यांचा जन्म १८८१ चा, इंग्लंडमधील न्यूकॅसलचा. घराणे क्वेकर, म्हणजे युद्धाला धर्मानेच नकार देणारे. त्या काळी हवामानाचा अंदाज जुने नकाशे ताडून बांधला जाई. रिचर्डसन यांनी हवेला थेट भौतिकशास्त्राची समीकरणे लावली. नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडायचे, त्यावरच्या हवेचे थर करायचे आणि प्रत्येक कप्प्यातला दाब, तापमान, वारा, बाष्प किती बदलेल ते काढायचे. सिम्युलेटरला आजही हेच आकडे लागतात. कप्प्यातली हवा बाष्पाने भरली की ढग. पडणारा हिमकण वाटेतल्या उबदार थरात वितळला तर पाऊस, नाही तर बर्फ. ढगाचा कापसासारखा आकार मात्र ग्राफिक्स कार्डची करामत.

गणित कुठे चुकले?

१९१६ मध्ये नोकरी सोडून ते फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवायला गेले. बंदूक धरायची नव्हती, पण घरी बसणेही पटत नव्हते. तिथे फुरसतीच्या वेळात, गवताच्या ढिगावर बसून त्यांनी २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचा सहा तासांचा अंदाज काढला. त्याला सुमारे सहा आठवडे लागले. उत्तर आले : दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता!

समीकरणे बरोबर होती, पण सुरुवातीच्या वारा आणि दाबाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी पुढे त्याच नोंदी आधी जुळवून घेऊन गणित केले, तेव्हा अंदाज वास्तवाजवळ आला. हस्तलिखित तर १९१७ च्या लढाईत हरवलेच होते, काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ च्या पुस्तकात रिचर्डसन यांनी फसलेला अंदाज न लपवता छापला. शिवाय, जगाचे हवामान वेळेत मोजायला ६४ हजार माणसे गणित करत बसवावी लागतील, असा हिशेबही मांडला.

विषय का सोडला?

युद्धानंतर ते हवामान खात्यात परतले, पण खाते हवाई मंत्रालयाखाली गेले आणि १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांच्या हवेच्या संशोधनात विषारी वायूवाल्यांना रस आहे हे कळल्यावर त्यांनी तो विषयच सोडला आणि युद्धे का होतात याचे गणित मांडायला घेतले. १९५० मध्ये अमेरिकेत एनियाक संगणकाने पहिले अंदाज काढले. चोवीस तासांच्या अंदाजाला साधारण चोवीस तासच लागले. ही बातमी रिचर्डसन यांच्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी अभिनंदनही कळवले. १९५३ मध्ये ते गेले.

विमानाला हादरे देणाऱ्या हवेचा अंदाज घेताना आजही एक आकडा पाहतात. त्याचे नाव रिचर्डसन संख्या.