नकार पचवून चालत राहिलेले मायकेल फॅराडे



अर्ज केला, परीक्षा दिली, मुलाखतीलाही जाऊन आलो आणि शेवटी यादीत आपले नाव नाही. हा अनुभव आज जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी घेत आहे. नकार एका ओळीचा असतो, पण मन त्या ओळीतून बरेच काही वाचते. आपली लायकीच नाही, आपण भलतेच स्वप्न पाहिले, आता जे मिळेल ते मुकाट्याने करावे, असे वाटू लागते. कित्येकदा तर उत्तरच येत नाही आणि वाट पाहण्यात महिने निघून जातात.

तुम्ही सध्या अशा काळातून जात असाल तर मायकेल फॅराडे यांचे जीवन अवश्य जाणून घ्या. विजेची मोटर, जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मुळाशी त्यांचे शोध आहेत. पण विज्ञानाच्या दारात या माणसाला पहिल्या वेळी उत्तर मिळाले नाही, दुसऱ्या वेळी नकार मिळाला आणि आत प्रवेश मिळाल्यानंतरही अपमान सोसावा लागला.

लोहाराचा मुलगा

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. त्यांची प्रकृती बरी नसे, त्यामुळे काम कधी असे, कधी नसे. १८०१ मध्ये अन्नधान्य फार महाग झाले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो सात दिवस पुरवावा लागे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित एवढेच पदरात पडले.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रीबाउ यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे नेऊन द्यायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. त्याचा प्रामाणिकपणा पाहून मालकाने पुढच्या वर्षी, १८०५ मध्ये, काहीही फी न घेता त्याला सात वर्षांसाठी बाइंडिंगच्या कामावर शिकाऊ म्हणून ठेवले.

दुकानात बांधणीसाठी येणारी पुस्तके तो बांधता बांधता वाचू लागला. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्राचे सोपे पुस्तक यांनी त्याला ओढून घेतले. वाचलेले खरे आहे का, हे तो आपल्या तुटपुंज्या पैशांतून साहित्य आणून पडताळून पाहू लागला. १८१२ मध्ये त्याने अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून स्वतःची बॅटरी बनवली होती!

संध्याकाळी शहरात विज्ञानावर व्याख्याने होत. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग लागे. थोरला भाऊ रॉबर्ट लोहारकामाच्या कमाईतून तो शिलिंग देई. वाचकहो, या भावाचे नाव विज्ञानाच्या इतिहासात फारसे कोणी घेत नाही. आपल्याही आयुष्यात असा एखादा रॉबर्ट असतो. नकार मिळाल्यावर आपण एकटे आहोत असे वाटते, तेव्हा त्याची आठवण जरूर काढावी.

न आलेले उत्तर

१८१२ च्या सुरुवातीला दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने, विल्यम डान्स यांनी, मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही. सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये वेगळी करणारे डेव्ही त्या काळी इंग्लंडमधले सर्वांत नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ होते. मायकेलने प्रत्येक व्याख्यानाची टिपणे घेतली, घरी येऊन ती स्वच्छ लिहून काढली आणि उपकरणांच्या आकृत्या काढल्या.

आता आपले आयुष्य याच कामात जावे, असे त्याला तीव्रतेने वाटू लागले. त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिले. प्रयोगशाळेतले कोणतेही हलके काम चालेल, अशी त्याची विनंती होती. उत्तर आले नाही. तो चौकशीला गेला, तेव्हा उत्तर देण्याची गरज नाही एवढेच त्याला कळले.

ऑक्टोबरमध्ये उमेदवारीची सात वर्षे संपली आणि तो दुसऱ्या एका मालकाकडे पगारी बाइंडर म्हणून लागला. हा मालक तापट होता. पहिल्या दुकानात वाचनासाठी मिळणारी मोकळीक इथे राहिली नाही. वडील दोन वर्षांपूर्वीच वारले होते. घरी आई होती, तेव्हा काम सोडून चालणार नव्हते.

या काळात त्याने काय केले ते पाहा. त्याने व्याख्यानांची टिपणे एकत्र करून सुमारे ३०० पानांचा ग्रंथ तयार केला आणि आपल्या हातांनी त्याची बांधणी केली. जो धंदा त्याला नकोसा झाला होता, त्याच धंद्याचे कौशल्य त्याने आपल्या स्वप्नाच्या कामी लावले. डिसेंबरमध्ये हा ग्रंथ पत्रासोबत डेव्हींकडे गेला.

भेट झाली, नोकरी नाही

डेव्हींनी उत्तर दिले आणि १८१३ च्या जानेवारीत त्याला भेटायला बोलावले. ते प्रेमाने बोलले, पण जागा रिकामी नव्हती. विज्ञानात पैसा नाही, तेव्हा हातचा धंदा सोडू नये, असा सल्ला त्यांनी दिला. संस्थेची पुस्तके बांधणीसाठी त्याच्याकडे पाठवण्याचेही आश्वासन दिले.

ज्याला प्रयोगशाळेत जायचे होते, त्याला प्रयोगशाळेच्या पुस्तकांची बांधणी देऊ केली गेली. विचार करा, घरी परतताना त्या एकवीस वर्षांच्या मुलाच्या मनात काय आले असेल! मायकेल पुन्हा बाइंडिंगच्या टेबलापाशी जाऊन बसला. त्याने डेव्हींना दोष दिला नाही आणि अभ्यासही सोडला नाही.

काही आठवड्यांनी संस्थेतला मदतनीस भांडण आणि मारामारी केल्यामुळे कामावरून गेला. नवा माणूस हवा होता आणि डेव्हींना तो हस्तलिखित ग्रंथ आठवला. एका रात्री मायकेल झोपण्याच्या तयारीत असताना दारावर थाप पडली. बाहेर डेव्हींची घोडागाडी उभी होती आणि नोकराच्या हातात चिठ्ठी होती. १ मार्च १८१३ रोजी त्याची नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, शिवाय संस्थेच्या माडीवर राहायला दोन खोल्या.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. तो मदतनीस गेला नसता तर? दार कधी उघडेल हे मायकेलच्या हातात नव्हते, ते तुमच्या आणि माझ्याही हातात नसते. पण जागा रिकामी झाली तेव्हा त्याच्या मेहनतीचा पुरावा आधीच डेव्हींपाशी पोहोचलेला होता. तेवढे काम त्याच्या हातातले होते आणि ते त्याने नकारापूर्वीच पूर्ण केले होते.

आत गेल्यावरची परीक्षा

हवी ती नोकरी मिळाली की सगळे सुरळीत होते, अशी आपली समजूत असते. फॅराडे यांचा अनुभव वेगळा होता. नोकरी लागल्यावर काही महिन्यांतच डेव्ही दांपत्य युरोपच्या प्रवासाला निघाले. डेव्हींच्या खासगी नोकराने ऐनवेळी यायला नकार दिला आणि तेही काम फॅराडे यांच्यावर आले. लेडी डेव्ही त्यांना घरगड्यासारखे वागवीत. प्रवास अर्धवट सोडून परत जावे, असे त्यांच्या मनात अनेकदा आले. पण याच प्रवासात त्यांना अँपिअर आणि व्होल्टा यांच्यासारखे शास्त्रज्ञ भेटले, फ्रेंच आणि इटालियन शिकता आले. ते टिकून राहिले आणि १८१५ मध्ये शिकून परतले.

सप्टेंबर १८२१ मध्ये त्यांनी विद्युतप्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवून दाखवली. विजेच्या मोटरची ही सुरुवात. मात्र लगेच कुजबुज सुरू झाली की त्यांनी डॉ. वोलास्टन यांची कल्पना चोरली. पुढे १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव सुचवले गेले, तेव्हा विरोध केला तो खुद्द डेव्हींनी! ते आता सोसायटीचे अध्यक्ष होते आणि अर्ज मागे घ्यावा यासाठी त्यांनी फॅराडे यांच्यावर दबाव आणला. फॅराडे यांनी शांतपणे सांगितले की अर्ज त्यांनी केलेलाच नाही, तो सुचवणाऱ्यांचा आहे. गंमत अशी की त्या अर्जावर वोलास्टन यांचीही सही होती. ८ जानेवारी १८२४ रोजी ते निवडून आले. विरोधात फक्त एक मत पडले.

परक्याचा नकार माणूस विसरतो, पण ज्याला गुरू मानले त्याचा नकार खोलवर लागतो. तरीही फॅराडे यांनी डेव्हींविषयी कटुता बाळगली नाही. आपल्याला पहिली संधी कोणी दिली, हे ते कृतज्ञतेने सांगत राहिले. वाचकहो, पुढे चालायचे असेल तर मनातला राग हलका करावाच लागतो, हे त्यांच्या वागण्यातून शिकावे.

निसर्गाचाही नकार

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न त्यांनी १८२० च्या दशकात सतत मनात ठेवला. १८२५ मध्ये प्रयोग केले, हाती काही लागले नाही. त्यांनी तशी नोंद केली आणि इतर कामे करीत राहिले. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारेची वेटोळी गुंडाळून त्यांनी एका वेटोळ्यातला प्रवाह सुरू केला आणि बंद केला. त्या त्या क्षणी दुसऱ्या वेटोळ्याजवळची सुई हलली. सुई क्षणभरच का हलते, हे समजून घ्यायला त्यांना आणखी काही आठवडे लागले. त्यातून विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम हाती आला. आज आपल्या घरात येणारी बहुतेक वीज याच तत्त्वावर तयार होते.

त्यांच्या प्रयोगांच्या रोजनिशीतील क्रमांक घातलेल्या नोंदी १६,००० हून अधिक आहेत. फसलेले प्रयोगही त्यांत तितक्याच काळजीने लिहिले आहेत. १८६२ मधला त्यांचा शेवटचा प्रयोगही फसला. चुंबकाचा ज्योतीच्या प्रकाशावर, म्हणजे तिच्या वर्णपटावर, काही परिणाम होतो का हे त्यांना पाहायचे होते. काही दिसले नाही. १८९६ मध्ये अधिक चांगली उपकरणे वापरून डच शास्त्रज्ञ पीटर झेमान यांना तोच परिणाम सापडला आणि त्यासाठी १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. फॅराडे यांचा प्रश्न बरोबर होता, त्यांच्या हातातले उपकरण अपुरे होते. आपल्या काही नकारांचेही असेच असते.

त्यांनी दिलेले नकार

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातला हिशोब मला विशेष वाटला. १८३० मध्ये कारखानदारांना सल्ला देऊन फॅराडे यांनी एका वर्षात हजार पौंडांहून अधिक कमावले होते. संस्थेचा पगार होता वर्षाला १०० पौंड. संशोधनाला वेळ पुरेना, तेव्हा त्यांनी बाहेरचे हे काम जवळजवळ सोडून दिले. सर ही पदवी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. ज्या पदावरच्या माणसाने एके काळी त्यांच्या पत्राला उत्तर दिले नव्हते, तेच हे पद!

लहान मुलांसाठीची नाताळातली व्याख्याने मात्र त्यांनी आनंदाने दिली, एकोणीस वेळा. एका शिलिंगाच्या व्याख्यानाने ज्याचे आयुष्य बदलले, तो माणूस हे कसे टाळणार? २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मानाच्या जागेऐवजी हायगेटच्या स्मशानभूमीत, त्यांच्या इच्छेप्रमाणे साधेपणाने, त्यांचे दफन झाले.

वाचकहो, आज तुमच्या हातात नकाराचे पत्र असेल तर दोन दिवस वाईट वाटू द्या, त्यात काही चूक नाही. मग स्वतःला एवढेच विचारा: मला हे काम आवडते की फक्त ती खुर्ची? काम आवडत असेल तर त्यातले काहीतरी आज संध्याकाळीही करता येईल. एक प्रकरण वाचता येईल, एक टिपण पूर्ण करता येईल, कोणाला तरी ते शिकवता येईल. आणि ज्या भावाने, आईने किंवा मैत्रिणीने आपल्यासाठी शिलिंग खर्च केला आहे, तिच्या किंवा त्याच्याजवळ बसून दोन शब्द बोला. उद्या पुन्हा अर्ज लिहा.