वाऱ्याला रूप देणारा

वारा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पिंपळाची पाने सळसळली, दोरीवर वाळत घातलेले धोतर फडफडले, म्हणजे वारा सुटला असे आपण म्हणतो. मग हा न दिसणारा वारा चित्रात दाखवावा तरी कसा? हा प्रश्न ज्यांनी मोठ्या चिकाटीने सोडविला, त्यांत वॉल्ट डिस्ने याचे नाव अग्रभागी आहे.

वॉल्टचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरी ५ डिसेंबर १९०१ रोजी झाला. तो चार वर्षांचा असताना त्याचे आईवडील मार्सेलीन या लहानशा गावी शेतावर राहावयास गेले. तेथे त्याला झाडांचा, जनावरांचा आणि चित्रांचा लळा लागला. पुढे शेत विकावे लागले. कुटुंब कॅन्सस सिटी येथे आले आणि वडिलांनी वृत्तपत्रे वाटण्याचे काम पत्करले. वॉल्ट व त्याचा थोरला भाऊ रॉय उजाडण्यापूर्वीच उठून घरोघर वृत्तपत्रे टाकीत. बर्फ पडो वा वादळ होवो, त्या कामात खाडा नसे.

१९२२ साली वॉल्टने चित्रपटांची एक लहान संस्था काढली. पुढच्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. तो हॉलिवूडला गेला व रॉयच्या साहाय्याने पुन्हा उभा राहिला. तेथे त्याच्या चित्रपटांतील ऑस्वाल्ड नावाचा ससा लोकप्रिय झाला. परंतु त्यावरील हक्क दुसऱ्यांकडे असल्यामुळे १९२८ साली तो हातचा गेला. बरेच चित्रकारही सोडून गेले. तरी तो खचला नाही. अब आयवर्क्स या चित्रकार मित्राच्या साथीने त्याने त्याच वर्षी मिकी माउस जगापुढे आणला.

आता वारा त्याच्या पडद्यावर खेळू लागला. १९३३ साली तीन डुकरांच्या गोष्टीत लांडग्याने फुंकर मारून गवताचे व काटक्यांचे घर उडविले; विटांचे मात्र टिकले. १९३५ साली मिकीचा वाद्यवृंद वावटळीत सापडून आकाशात गरगरला, तरी वादन थांबले नाही.

परंतु खरी कसोटी १९३७ साली लागली. 'द ओल्ड मिल' या लघुपटात संवाद नव्हते. एक जुनी पवनचक्की, तिच्यात राहणारे पक्षी आणि वादळी रात्र, एवढाच विषय. जवळचे गवत, मधली चक्की, दूरचे आभाळ ही वेगवेगळ्या काचांवर रंगवून त्या एकीखाली एक, अंतर राखून मांडीत आणि वरून कॅमेऱ्याने टिपीत. त्यामुळे चित्राला खोली आली. वारा वाढतो, गवत लवते, दोर तुटतो आणि थांबलेले दातेरी चाक फिरू लागते. त्या चाकाच्या खाचेत एक पक्षीण अंडी उबवीत बसलेली असते. आता ती चिरडणार, असे वाटते. पण नेमका तेथला दाता तुटलेला असल्यामुळे ती वाचते. सकाळी चक्की कललेली असते, पण घरट्यात पिले चिवचिवत असतात! या लघुपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

मुलांनो, हे एकट्याचे काम नव्हे. पडद्यावरील एका सेकंदासाठी चोवीसपर्यंत चित्रे लागतात. डिस्नेने स्वतः चित्रे काढणे केव्हाच सोडले होते. कल्पना सुचविणे, चुका हेरणे आणि पुन्हा करून घेणे, हे त्याचे काम. मात्र त्या काळी लघुपटांवर नाव झळके ते त्याचेच. १९४१ साली त्याच्या अनेक चित्रकारांनी वेतन व संघटना यांसाठी संप केला आणि जुने स्नेहसंबंध दुरावले.

१५ डिसेंबर १९६६ रोजी डिस्ने मरण पावला. १९६८ साली त्याच्या संस्थेने विनी द पू या अस्वलाची सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवसाची गोष्ट पडद्यावर आणली. तीत इवलेसे पिगलेट पतंगासारखे उडते आणि त्याच्या उसवत्या गळपट्ट्याचा धागा पू धरून ठेवतो. त्या चित्रपटाचे ऑस्कर १९६९ साली दिवंगत डिस्नेच्या नावे देण्यात आले.

वारा दिसत नाही, पण पाने हलली की तो कळतो. तसेच त्या चित्रांमागचे शेकडो हातही दिसत नाहीत. पडद्यावर पान हलताना पाहाल, तेव्हा डिस्नेबरोबर त्यांचीही आठवण ठेवा.