काळ्या आजाराचे वैरी : डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या भगिनींना सांगायला नको. त्याच पातेल्यात कोरडे धान्य भरून ठेवले तर काही बिघडत नाही. धातू तोच, पण त्याला संगत कोणाची मिळाली यावर तो बाधणार की नाही हे ठरते. कलकत्त्याच्या एका डॉक्टरांनी हीच गोष्ट औषधाच्या कामी आणली.

उपेंद्रनाथांचा जन्म १८७३ चा. वडील रेल्वेत डॉक्टर होते. मुलाने आधी गणित, मग रसायनशास्त्रात एम. ए. आणि त्यानंतर वैद्यक, असा उलटसुलट प्रवास केला. १९०२ साली ते एम. डी. झाले व १९०५ पासून सियालदाच्या कँपबेल रुग्णालयात काम करू लागले. रसायनाचे ते शिक्षण वाया गेले नाही, हे पुढे दिसेलच.

त्या काळी बंगाल, बिहार व आसामात काळा आजार गावेच्या गावे ओस पाडत असे. वाळूमाशी चावल्याने एक सूक्ष्म परजीवी अंगात शिरतो आणि प्लीहा, यकृत व हाडांतील मगज यांच्या पेशींत घर करतो. ताप महिनोन्‌महिने हटत नाही, पोट घड्यासारखे वाढते, हातपाय काटकुळे होतात, कातडी काळवंडते. उपचार न मिळाल्यास शंभरांतले नव्वदांहून अधिक रोगी दगावत.

त्यावर १९१५ च्या सुमारास टार्टर एमेटिक टोचू लागले होते. हा अँटिमनीचा क्षार. अँटिमनी म्हणजे सुरम्याच्या दगडात गंधकाशी जोडलेला असतो तो अर्धधातू. (बाजारात सुरमा म्हणून मिळते ते पुष्कळदा शिशाचे असते, पोराबाळांच्या डोळ्यांत ते घालू नये, एवढे जाता जाता सांगते.) टार्टर एमेटिकने रोग हटे, पण उलट्या, खोकला आणि हृदयावर ताण यांनी रोगी बेजार होई, आणि सुया महिनोन्‌महिने घ्याव्या लागत. कित्येक जण उपचार अर्धवट टाकून घरी जात.

जर्मनीत पॉल एर्लिख यांनी सोमलासारखे जहाल विष सेंद्रिय संयुगात गुंफून त्याचे औषध केले होते. १९१० पासून ते उपदंशावर वापरात आले. सोमल आणि अँटिमनी एकाच कुळातले. मग तशाच संयुगात सोमलाच्या जागी अँटिमनी बसवला तर? उपेंद्रनाथांनी तेच करून पाहिले, आणि त्याला युरियाची जोड दिली. कँपबेलमधल्या त्यांच्या खोलीत ना गॅसची सोय, ना नळ. रात्री जुना रॉकेलचा दिवा. अशा खोलीत महिनोन्‌महिने खपून १९२० साली त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केले. १९२२ साली मोजक्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले. बरे होण्यास आता महिन्यांऐवजी काही आठवडे पुरू लागले.

असे का व्हावे, हे पुष्कळ पुढे उलगडले. या संयुगातला अँटिमनी पंचसंयुजी असतो. त्या रूपात तो शरीराला बराच सोसतो. परजीवी असलेल्या पेशीत पोहोचल्यावर त्याचे त्रिसंयुजी रूप होते, आणि ते परजीवीची संरक्षक व्यवस्थाच मोडून काढते. म्हणजे विष शत्रूच्या घरात जाऊन उघडते.

औषधात दोष नव्हते असे नाही. त्याची नेमकी घडण काय, यावर रसायनज्ञांत वाद होता. प्रत्येक घाणा अगदी सारखा उतरेलच अशी खात्री नसे. तरीही आसामात ते हजारोंना टोचले गेले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. रोग बरा झालेल्या काहींच्या कातडीवर पुढे चट्टे उठतात व त्यांत तोच परजीवी असतो, हेही १९२२ साली उपेंद्रनाथांनीच दाखवले. मला हे औषधाइतकेच मोठे वाटते, कारण आपल्या यशाच्या मागे उरलेली कसर स्वतःच शोधणारे थोडे.

१९२९ साली त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले. ते मिळाले नाही. १९३४ साली ते सर झाले. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अँटिमनीचीच दुसरी संयुगे आली. पण बिहारमधल्या परजीवीने त्यांनाही दाद देईनासे केले, आणि आता तिथे चरबीच्या सूक्ष्म गोलकांत भरलेले अँफोटेरिसिन हे निराळेच औषध शिरेतून एकदाच देतात.