खिशातली चिठ्ठी

डॉक्टरांनी हेपॅटायटिस ‘सी’च्या तपासणीची चिठ्ठी दिली, ती आठवडाभर माझ्या खिशातच आहे. १९८४ मध्ये ऑपरेशनच्या वेळी मला रक्त चढवले होते.

अशा वेळी मिकी मँटल आठवतो. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा लाडका खेळाडू, ५३६ होमरनचा धनी! वडील १९५२ मध्ये कर्करोगाने गेले. आपणही अल्पायुषी, या समजुतीने तो बेसुमार प्यायला. १९९४ मध्ये दारू सोडली, जून १९९५ मध्ये यकृतरोपण झाले. लोकांनी बोल लावला दारूला. पण आत ‘सी’ विषाणूही होता, कर्करोगही. ऑगस्टमध्ये तो गेला.

हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, तेव्हा मँटल ५७ वर्षांचा होता. माझ्यापाशी ती सबब नाही. आता बहुतेकांना बरे करणाऱ्या गोळ्याही आहेत. सोमवारी उपाशीपोटी जायचे का, एवढेच विचारायचे राहिले आहे.