कुरणात भरलेली शाळा

ऊर्जानगरच्या वीज केंद्राची धुराडी मागे टाकून मोहर्लीच्या वाटेला लागले की जंगल सुरू होते. त्या बाजूच्या गावांतली मुले शाळेत येताना बरेच काही शिकूनच येतात. मोहाची फुले पहाटे गळतात, चिंचेची पाने रात्री मिटतात, हे त्यांना पुस्तकाआधी ठाऊक असते. चिंच रात्री झोपते, असे एखाद्या पोराने विज्ञानाच्या तासाला सांगितले तर गुरुजींनी काय करावे? चूक म्हणून खाली बसवावे, की आणखी कोणती झाडे झोपतात ते आज रात्री पाहून ये, असे सांगावे? खाली बसवलेले पोर पुन्हा बोलत नाही. कधी कधी शाळेतच येत नाही.

पोराचे आधी ऐकून घेणारी शाळा उभी करण्यात ताराबाई मोडक यांचे आयुष्य गेले. जन्म १८९२ चा, मुंबईच्या प्रार्थना समाजी केळकर कुटुंबातला. लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या सूनबाईच. तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीला घेऊन त्या राजकोटला नोकरीस गेल्या आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. माँटेसोरी पद्धत त्या तिथे शिकल्या. पण तिची साधने महाग, गरिबाच्या पोराला ती कुठून मिळणार?

उत्तर शोधायला त्या १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न! सोबत तरुण अनुताई वाघ. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच तिथली साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसू लागली. अंगणवाडी ती हीच.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले. इथला मुलगा गुरे राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. तरी गुराखी यायचे राहिलेच. मग शाळा कुरणात गेली! कोणते गवत गुरे खातात, कोणते टाळतात, हे तिथे शिक्षिकेपेक्षा पोरालाच अधिक ठाऊक. तिला आधी विचारावे लागे, शिकवणे मागाहून. मास्तरकीची सवय जडलेल्यांना हे किती जड जाते, ते मास्तरांच्या घरात वाढलेल्यांना विचारा.

मुलांच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवायची, असा याचा अर्थ नव्हे. कोसबाडला आधी पोरांची अंघोळ, नखे, केस. मग पुढचे सारे.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी सरकारने बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, सांभाळले.